कॅसेटच्या खाचेतला बोळा

सान इसिद्रो, कातांदुआनेस
८ ऑगस्ट २००४

प्रिय डेल्फी,

रविवारी फोनवर बोललो आणि लगेच पत्र आलं, म्हणून दचकू नकोस. फोनवर आई शेजारी बसलेली असते. तिची दृष्टी गेली असली तरी कान शाबूत आहेत.

माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचं काम चालू आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी हे कशाला, असं मुख्याध्यापक विचारतात. विषय तुला सांगितला होता: आपल्या गावातली माणसं रोजच्या जगण्यात रेडिओ, टीव्ही, मोबाइल, पत्र, कॅसेट यांपैकी काय वापरतात, आणि कशासाठी. चाळीस घरं ठरवली आहेत, एकवीस झाली. माणसं आधी हसतात. रेडिओ कशाला ऐकता हा काय प्रश्न झाला, म्हणतात. मग बोलायला लागतात आणि थांबत नाहीत. सोबत एक फॉर्म जोडला आहे. परदेशी कामाला गेलेल्यांपैकी तू एक. खरं ते लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

दुसरं एक काम आहे. आमादोने गेल्या वर्षी आईला कॅसेट पाठवली, तशीच तुलाही पाठवली होती ना? ती मला पाठवून देशील? आईची कॅसेट रोज वाजून झिजली आहे. तीनची प्रार्थना रेडिओवर संपली की ती रेडिओ बंद करते आणि आमादोला लावते, हा नेम वर्षभरात चुकलेला नाही. तुझ्या कॅसेटची नक्कल करून मूळ परत देईन. जरा लवकर पाठव. १९ नोव्हेंबरला त्याची बोट बुडून वर्ष होईल, त्या दिवशी भावाच्या सुतकाचे काळे कपडे उतरवायचे आहेत.

आईची साखर जरा चढली आहे, काळजीचं काही नाही.

तुझी थोरली बहीण,
कॉर्नेलिया


ताइचुंग
२७ ऑगस्ट २००४

मानाय,

तुझा फॉर्म पाहून, मी सांभाळते त्या म्हातारीच्या सुनेला वाटलं की मी दुसरीकडे नोकरीला अर्ज करतेय. दोन दिवस माझ्याशी गोड बोलत होती. असे आणखी फॉर्म पाठव.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं रकान्यात मावत नाहीत, इथेच लिहिते. टीव्ही म्हातारीसाठी असतो. तिला समजत नाही, मला भाषा येत नाही, दोघी बघतो. मोबाइलवरचे मेसेज दिवसभर असतात. 'जेवलीस का', 'जेवले', एवढंच. पण ते आले नाहीत तर मी कोणाच्या तरी घरातलं एक भांडं आहे असं वाटायला लागतं. फोन रविवारचा. फोनवर मी नेहमी चांगली असते, तुलाही ठाऊक आहे. आईचा 'हॅलो' ऐकला की माझ्या तोंडून आपोआप 'सगळं बरं आहे' निघतं. एकदा मला एकशे दोन ताप होता, तेव्हाही तेच म्हणाले होते. रकाना चौथा, पत्र. पत्र मी तुला लिहिते, आणि तेही तू लिहिलंस तर. उपयोग कशासाठी? खाडाखोड करता येते म्हणून. पुरे का, मास्तरीणबाई?

आता कॅसेटचं. ती वाजत नाही. इथल्या दमट हवेत तिला बुरशी धरली. आणि तीत काही नव्हतंच, नुसत्या थट्टा. त्याच्या बोटीवरचा आचारी भात कसा करपवतो, असलं काहीतरी. आईला त्याचा उपयोग नाही.

आणि एक विचारते. आईची कॅसेट झिजली आहे म्हणतेस. मग जी आहे तिचीच नक्कल का करत नाहीस? तू पत्र लिहितेस तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. बाबांचं दुखणं तू मला पत्रानेच कळवलं होतंस, आणि त्यातही पहिलं पान कोंबड्यांबद्दल होतं.

डेल्फी


सान इसिद्रो
१४ सप्टेंबर २००४

प्रिय डेल्फी,

तू बरोबर ओळखलंस. यावेळी कोंबड्यांऐवजी प्रबंध पुढे केला. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. प्रत्येक वेळी माझी चूक जरा लहान होत होती, म्हणून फाडावं लागलं.

आमादोची कॅसेट मी पुसली.

मुलाखतींसाठी कोऱ्या कॅसेट कमी पडत होत्या, म्हणून घरातल्या जुन्या गाण्यांच्या घेत होते. तुला आठवत असेल, विकतच्या गाण्यांच्या कॅसेटला पाठीवर दोन खाचा असतात. तिथे कागदाचा बोळा कोंबला की तिच्यावर पुन्हा भरता येतं. आमादोनेही तसंच केलं होतं, त्याच्या त्या आवडत्या गायिकेच्या कॅसेटवर. तिच्या तीन कॅसेट आपल्या फळीवर होत्या आणि तिन्हींच्या खाचांत बोळे होते. आईची ओळखायची खूण म्हणजे डबीवरचं रबर. जूनमध्ये त्या डबीचं झाकण तुटलं, तेव्हा मीच कॅसेट दुसऱ्या डबीत घातली आणि रबर तिच्यावर चढवलं. पुढे रबर तुटलं. दुसरं लावायचं माझ्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

३१ जुलैच्या सकाळी घाईघाईने फळीवरून कॅसेट उचलली आणि शेजारी तिया बास्योनकडे गेले. तिने अर्धा तास सांगितलं. नवरा गेल्यापासून ती रेडिओ पहाटे लावते तो झोपेपर्यंत बंद करत नाही. बातम्या ऐकत नाही म्हणाली. "घरात पुरुषाचा आवाज चालू असला की बरं असतं गं. बोलेना का तो वाऱ्यापावसाचं."

त्या दिवशीची माझी डायरी आज उघडून पाहिली. त्यात लिहिलं आहे, 'आज तिया बास्योनची मुलाखत फार छान झाली.'

मी स्वतःला विचारत असते, की उचलताना मी पाहिलं होतं का? निळा रंग पाहिल्याचं आठवतं. तिन्ही निळ्याच होत्या. पण मनात क्षणभर काहीतरी अडलं होतं, आणि मी थांबले नाही. हे आठवतंय की मी मागाहून रचलंय, ते मला सांगता येत नाही.

घरी येऊन मुलाखत उतरवून घ्यायला बसले. तिया बास्योन संपली, बटण दाबल्याचा आवाज आला, आणि त्यामागून आमादो. "टेप संपत आली वाटतं. आई, बंद करतो. बाकी सगळं बरं आहे." एवढंच. अकरा सेकंद. घड्याळ लावून मोजले. दुसऱ्या बाजूला फक्त गाणी आहेत.

आईला सांगितलं की टेपचा पट्टा तुटला आहे आणि विराकहून यायचा आहे. सहा आठवडे झाले, तो पट्टा येतोच आहे. ती रोज तीनला प्रार्थना संपवते, रेडिओ बंद करते आणि रिकाम्या टेपशेजारी तेवढा वेळ बसून राहते. मला विचारतही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ज्याने मला झोप येत नाही ते आता सांगते. आमादोचं शरीर मिळालं नाही. बाबांच्या कबरीवरचा कप्पा त्याच्यासाठी ठेवलेला रिकामाच आहे. आईने पाद्रींना बोलावून सांगितलं की वर्षाच्या दिवशी ती कॅसेट सगळ्यांसमोर एकदा वाजवायची आणि मग त्या कप्प्यात ठेवून वरून सिमेंट लावायचं. पाद्री थोडे घुटमळले. आई त्यांना म्हणाली, "माझ्याकडे त्याचं जे आहे ते मी पुरणार. तुमच्याकडे आणखी काही असेल तर द्या." ते हो म्हणाले.

म्हणून तुझी कॅसेट हवी आहे. बुरशी पुसता येते, शाळेतल्या प्रयोगशाळेचा शिपाई ते काम करतो. भात करपल्याची थट्टा असली तरी चालेल, डेल्फी. आवाज त्याचा हवा.

कॉर्नेलिया


ताइचुंग
३ ऑक्टोबर २००४

मानाय,

बुरशी लागलेली नाही. कॅसेट माझ्या उशीच्या खोळीत असते. मी ती एकदाच ऐकली आहे.

तू तीनदा फाडलंस, मी एकदाही फाडत नाही. फाडलं तर पुन्हा लिहिणार नाही.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याची बोट इथल्या बंदराला लागली होती. भेटायला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याने टपालाने कॅसेट पाठवली. फोन का केला नाही, तर मोबाइलमध्ये मेसेजपुरतेच पैसे असायचे, आणि बंदरावरच्या फोनला मागे रांग असते आणि रांगेत त्याच्याच बोटीवरचे लोक. पत्र त्याला कधी जमलं नाही, तुझ्याकडूनच निबंध लिहून घ्यायचा. सुरुवातीला थट्टाच आहे. आचारी, करपलेला भात, कप्तानाच्या घोरण्याची नक्कल. मग थट्टा संपते. मागे इंजिन ऐकू येतं. मग हळू आवाजात म्हणतो, की बोट गंजली आहे, तळात पाणी येतं, पंप दिवसरात्र चालतो, आणि डेल्फी मला भीती वाटते. मला उतरायचंय. कराराआधी उतरलो तर पुन्हा कोणी घेणार नाही, ते मला कळतं. पण आई 'ये' म्हणाली तर मी उतरेन. मी तिला स्वतः विचारू शकत नाही. तिचा आवाज ऐकला की मी सगळं बरं आहे म्हणतो. तू विचार, आणि ती काय म्हणते ते मला कळव.

मी आईला विचारलं नाही.

त्या आठवड्यात म्हातारी आजारी होती, हे खरं आहे. पण कारण ते नव्हतं. मला त्याचा राग आला. मला वाटलं, मी इथे सहा वर्षं माणसाची घाण काढतेय, भीती मलाही वाटते, मी कोणाला विचारते का? मोबाइल काढला आणि मेसेज टाकला. 'पाचच महिने राहिलेत. धीर धर. आईला काळजीत टाकू नकोस.' तेवढंच मावलं. मावलं म्हणून तेवढंच लिहिलं असं नाही, मला जास्त लिहायचंच नव्हतं. फोन केला असता तर त्याने माझा आवाज ऐकला असता, आणि मला त्याचा ऐकावा लागला असता.

त्याने उत्तर दिलं, 'बरं.' ते अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. मोबाइल मी त्यासाठीच बदलत नाही. तुझ्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना आहे का?

आता मला कळतंय, की आईला पाठवलेल्या कॅसेटमध्ये 'बाकी सगळं बरं आहे' का होतं.

इथे कामाला असलेली आपल्या गावची विर्जी वीस तारखेला सुट्टीवर गावी जातेय, तिच्याबरोबर कॅसेट देते. टपालावर माझा भरवसा नाही. तू ऐक आणि सुरुवातीची थट्टा तेवढी वेगळी काढ. पुढचं आईला ऐकवू नकोस. हात जोडते, मानाय. तू माझी मोठी बहीण आहेस, तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही.

डेल्फी


सान इसिद्रो
२६ ऑक्टोबर २००४

प्रिय डेल्फी,

कॅसेट मिळाली. विर्जीने ती प्रार्थनेच्या पुस्तकात, पानं कापून केलेल्या जागेत आणली. असं करायला तू सांगितलंस की तिचं डोकं, ते विचारायचं राहिलं.

शाळेत दार लावून ऐकली. तुझ्याबद्दल मला काय वाटलं ते तू विचारलं नाहीस, आणि मी लिहीत नाही. तुझ्या जागी मी काय केलं असतं, याचा विचार दोन दिवस करते आहे. मी कदाचित आईला सांगितलं असतं, पण आधी आठवडाभर डायरीत लिहीत बसले असते, आणि तोवर बोट निघून गेली असती.

थट्टेचा भाग चार मिनिटांचा आहे. त्यात तो तुझं नाव दोनदाच घेतो, तेवढं काढता येईल. दोन टेप जोडून नक्कल करते. तू हात जोडलेस म्हणून करते आहे. ते बरोबर आहे की नाही हे मला ठाऊक नाही, आणि तूही ते मला विचारू नकोस.

कॉर्नेलिया


मोबाइलवरचे मेसेज

१४ नोव्हें., डेल्फी: मानाय ऐकवलं का?
१४ नोव्हें., कॉर्नेलिया: हो.
१४ नोव्हें., डेल्फी: आई काय म्हणाली?
१४ नोव्हें., डेल्फी: मानाय?
१५ नोव्हें., कॉर्नेलिया: पत्र लिहिते.
२० नोव्हें., डेल्फी: काल दोनदा फोन केला, आई आली नाही. झोपलीय असं विर्जी म्हणाली. दुपारी चारला?


सान इसिद्रो
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय डेल्फी,

आई झोपली नव्हती. ती फोनशेजारीच बसली होती आणि मान हलवत होती. विर्जीला खोटं बोलायला मी लावलं. एवढं आधी सांगून टाकते.

चौदा तारखेला दुपारी आईला म्हटलं, पट्टा आला, पण आमादोची कॅसेट जुनी होऊन तुटली, आता थोडाच भाग वाचला आहे. तिला बसवलं. तीनची प्रार्थना झाली, तिने स्वतः रेडिओ बंद केला. मी माझी चार मिनिटं लावली. आचाऱ्याच्या भाताला आई हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली असेल. कप्तानाच्या घोरण्यालाही हसली. मग टेप थांबली.

"पुढचं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, संपलं.

"ही माझी कॅसेट नाही," ती म्हणाली. "आणि इंजिन मध्येच दोनदा तुटलं. माणूस बोलता बोलता थांबेल, इंजिन कसं थांबेल, नेलिया? काय काय कापलंस?"

मी शाळेत दोन दिवस खपून त्याचे शब्द जुळवले होते. शब्दांच्या मागे इंजिनची घरघर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईला आधी ते ऐकू आलं.

मग मी सगळं सांगितलं. आधी माझं, कारण ते माझं होतं. तिया बास्योनची मुलाखत, रबर, पट्टा, सगळं. तिने ऐकून घेतलं. नंतर तुझी कॅसेट पूर्ण लावली. मी खोलीबाहेर जाणार होते, तिने माझं मनगट धरून ठेवलं. 'आई ये म्हणाली तर मी उतरेन' इथे तिची पकड घट्ट झाली, तेवढंच. रडली नाही. दोन वेळा पुन्हा लावायला सांगितलं.

मग तिने विचारलं, डेल्फीने त्याला काय कळवलं? मी मेसेज जसाच्या तसा सांगितला.

"मीही कदाचित तेच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण विचारलं होतं मला."

हे वाक्य तुझ्यापासून लपवावं की नाही, यावर मी सहा दिवस घालवले. मेसेजला उत्तर दिलं नाही ते म्हणूनच. हे मेसेजमध्ये लिहिलं असतं तर ते फक्त शिक्षेसारखं दिसलं असतं. आणि फोनवर मी पहिलंच अर्धं वाक्य सांगून थांबले असते.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तुझी कॅसेट मागितली. आमादोचं बोलणं जिथे संपतं तिथे आणून लाल बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. आई टेपच्या अगदी जवळ वाकली, कोणी बहिरं असावं तसं मोठ्याने म्हणाली,

"आमादो, मी आई. निरोप मिळाला. ये. करार राहू दे. कपडे राहिले तर राहू देत. ये घरी."

मी बटण सोडवायला हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. टेप संपेपर्यंत चालू ठेवायला लावली. जवळजवळ वीस मिनिटं आम्ही दोघी काही न बोलता बसलो होतो. त्यात आपल्या अंगणातल्या कोंबड्या भरल्या गेल्या असतील, आणि तिया बास्योनच्या रेडिओवरचा तो पुरुष. टेप आपोआप थांबली तेव्हा आईने अंबाड्यातला आकडा काढला, कॅसेट उलटी केली, खाचा चाचपल्या आणि दोन्ही बोळे टोकरून बाहेर काढले. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे होते, आमादोने कोंबलेले.

"आता यावर कोणाला काही भरता यायचं नाही," ती म्हणाली. हे मला होतं.

परवा, वर्षाच्या दिवशी, काही वाजवलं नाही. पाद्रींनी विचारलं, आई नको म्हणाली, घरच्यांचं बोलणं आहे. ती कॅसेट पांढऱ्या रुमालात गुंडाळून कप्प्यात ठेवली आणि गवंड्याने सिमेंट लावलं. सगळ्यांनी काळं उतरवलं. आईने नाही. मी फिकट निळा घातला आहे आणि तो अंगाला टोचतो आहे.

माझी पुसलेली कॅसेट मी तिला जाळून टाकू का म्हणून विचारलं होतं. तिने ती मागून घेतली. आता रोज तीनला ती तीच लावते. तिया बास्योन अर्धा तास रेडिओबद्दल बोलते, आई मान डोलवत सगळं ऐकते, आणि शेवटी ते अकरा सेकंद येतात. काल तिया बास्योन स्वतः दारात उभी राहून आपलाच आवाज ऐकत होती. तिला लाज वाटली. म्हणाली, एवढं बडबडायला नको होतं, बिचाऱ्याला जागा राहिली असती. आई तिला म्हणाली, "तू बोल गं. तो तुझ्या खालीच आहे. समुद्राच्या खाली आहे तसा."

प्रबंधाच्या यादीत आपलं घर चाळिसावं होतं. तो फॉर्म मी कोरा ठेवला आहे. मार्गदर्शकांना काय सांगायचं ते पाहीन.

तुझ्याबद्दल मी तिला विचारलं. फोनवर येशील का, डेल्फी वाट बघतेय. आई म्हणाली, "फोन नको. फोनवर ती चांगलीच असते. तिला लिहायला सांग. काय झालं ते तिने मला लिहू दे, मला, तुला नाही. तू वाचून दाखव. आणि नेलिया, मधलं गाळू नकोस."

त्या दोन बोळ्यांपैकी एक तिने जपमाळेच्या डबीत ठेवला. दुसरा तुला पाठवायला सांगितला. पाकिटात आहे, लहान आहे, उघडताना सांभाळ.

कॉर्नेलिया